चौदा वर्षांखालील मुलींचा सॉफ्टबॉल: वयाचा कोणता कागद खरा धरायचा?

पांझराकाठ, साक्री तालुका · ३ जानेवारी, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

साक्री तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये मी सोळा वर्षांपासून पी.टी.चा शिक्षक आहे. त्यातली अकरा वर्षं मुलींचा सॉफ्टबॉल माझ्याकडे आहे. २४ ते २६ जानेवारीला आमच्या मैदानावर चौदा वर्षांखालील मुलींची निमंत्रित स्पर्धा ठेवलीय. जळगाव, अमळनेर, चोपडा, शिरपूर, शहादा, नंदुरबार धरून, आमच्यासकट दहा संघ आहेत. वयाची कागदपत्रं तपासायचं काम कमिटीने माझ्याकडे दिलं आणि मी ते मागून घेतल्यासारखं घेतलं. मागच्या वर्षी जे डोळ्यांनी पाहिलं ते पुन्हा कुठल्या पोरीच्या वाट्याला येऊ नये, एवढ्यासाठी.

मागच्या वर्षी दुसऱ्या एका गावच्या स्पर्धेत आमचा संघ सेमीफायनलला होता. आमची पिचर (चेंडू टाकणारी) तेरा वर्षांची, पण अंगाने थोराड. आईबाप दोघंही उंच. चौथ्या इनिंगला आम्ही तीन रनांनी पुढे होतो, तेव्हा समोरचे व्यवस्थापक सरळ मैदानात आले. म्हणाले, ही पोरगी चौदाच्या आतली असूच शकत नाही. खेळ थांबला. तिचा नगरपालिकेचा जन्मदाखला माझ्या फाईलमध्ये होता, जन्मानंतर नवव्या दिवशी नोंद झालेला. तो दाखवायला मी टेबलाकडे धावलो, तेवढ्यात कमिटीतल्या एका माणसाने पिचरच्या सर्कलपाशी जाऊन सगळ्यांदेखत तिला विचारलं, "तुझं महिन्याचं सुरू झालंय का?"

पोरीच्या हातात चेंडू होता. तिने तो खाली ठेवला नाही, कोणाला दिला नाही, नुसती शिवणीवरून अंगठा फिरवत उभी राहिली. चाळीस मिनिटांनी कागद खरा ठरला आणि खेळ सुरू झाला. तिने लागोपाठ चार जणींना बेस ऑन बॉल्स दिले, म्हणजे चार-चार चेंडू बाहेर टाकून फुकटचा बेस दिला. आम्ही हरलो, त्याचं काही नाही. ती त्यानंतर मैदानावर आली नाही. शाळेत मला दिसली की नमस्कार करते आणि पुढे जाते.

म्हणून यंदा मला पद्धत अशी लावायचीय की जे काय तपासायचं ते आधी, टेबलावर, मोठ्यांनी मोठ्यांशी बोलून संपलं पाहिजे. पण कोणता कागद वरचढ? संघ आधार आणतात, बोनाफाईड आणतात, कोणी परवाच काढलेला जन्मदाखला आणतं. तिन्हींवर तीन तारखा असल्या तर?

आणि आता माझ्याच घरचा प्रश्न. तोच मला झोपू देत नाहीये.

यंदाची माझी पिचर आठवीत आहे. जूनमध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेतून आमच्याकडे आली. पावसाळ्यात चेंडू हातात घेतला आणि दिवाळीपर्यंत तिचा विंडमिल (हात पूर्ण गोल फिरवून चेंडू टाकणं) असा बसला की मी अकरा वर्षांत असा हात पाहिला नाही. शालेय स्पर्धेला तिला नेलं नव्हतं, तेव्हा ती अगदी नवीन होती. ही तिची पहिली स्पर्धा. तिचे आईवडील दरवर्षी उचल (आगाऊ मजुरी) घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जातात, बारडोलीच्या बाजूला. दरवर्षी ती पण जायची आणि शाळा फेब्रुवारी-मार्चपर्यंत बुडायची. यंदा पहिल्यांदा ती आजीजवळ गावात थांबली. का थांबली, तर स्पर्धा आहे म्हणून.

शाळेच्या रजिस्टरला तिची जन्मतारीख १ जून २०१२. यंदाच्या, म्हणजे २०२५-२६ च्या, शालेय स्पर्धांना चौदा वर्षांखाली १ जानेवारी २०१२ किंवा त्यानंतरचा जन्म चालतो, आम्हीही तोच नियम धरलाय. म्हणजे कागदाने ती आरामात बसते. पण १ जून ही तारीख आपल्याकडे कशी पडते ते मी कोणाला सांगायला नको. जन्मदाखला नाही. मी तिच्या आईला पडावावर, म्हणजे ऊसतोडीच्या तळावर, फोन लावला. बाई साधेपणाने म्हणाली, "दिवाई करीसन उसले गयथूत, सक्रातना पहिले व्हयनी." दिवाळी करून तोडीला गेलो आणि संक्रांतीच्या आधी ती झाली. मोठ्या भावाचा दाखला ऑगस्ट २००९ चा आहे, आणि ही त्याच्यामागे सव्वादोन-अडीच वर्षांनी. म्हणजे २०११ ची दिवाळी. ती त्या साली २६ ऑक्टोबरला होती, मी पंचांग काढून पाहिलं.

आता दिवाळी ते संक्रांत अडीच महिने. त्यातले शेवटचे पंधरा दिवस नियमात बसतात, बाकीचे नाहीत. मी तिला खेळवू का? दुसऱ्या नऊ संघांचे कागद तपासायला बसणारा माणूस मी, आणि माझ्याच पिचरची तारीख मास्तरांनी टाकलेली. जाणत्यांनी स्पष्ट सांगा.

अनेरकाठ, शिरपूर · ३ जानेवारी, रात्री १०.१५

सर, तुम्ही उगाच जिवाला घोर लावून घेताय. शाळेच्या पोर्टलवर जी तारीख आहे, आधारवर जी आहे, तीच खरी. आपण काय तिच्या जन्माला हजर होतो? आईला फोन करायलाच नको होता. आमच्या भागात निम्म्या पोरांच्या तारखा १ जून आहेत, त्या सगळ्यांना घरी बसवायचं का? शहरातल्या पोरीला जन्मल्या जन्मल्या दाखला मिळतो, उसाच्या फडात जन्मलेलीला नाही, आणि त्याची शिक्षापण तिलाच? एवढा हात असलेली पोरगी सापडलीय. खेळवा.

जुना मास्तर, अमळनेर · ४ जानेवारी, सकाळी ७.०५

गुरुजी, मी छत्तीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापक म्हणून. पहिलीला पोरं दाखल करून घेताना १ जून लिहिणाऱ्या हातांमध्ये माझाही हात होता. बाप पोराला खांद्यावर घेऊन यायचा, तारीख विचारली तर "आखाजीच्या आसपास" म्हणायचा. पहिलीला सहा वर्षं पुरी पाहिजेत म्हणून आम्ही सहा वर्षं मागे मोजून १ जून टाकायचो. तुमची पोर २०१८ च्या जूनमध्ये पहिलीला बसली असणार. त्यातून सहा वजा करा, २०१२ येतं. ती जन्मतारीख नाही, ते गणित आहे.

आधारबद्दल शिरपूरचे भाऊ म्हणतात ते चालणार नाही. आधार ही ओळख आहे, वयाचा पुरावा नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघाताच्या भरपाईच्या एका खटल्यात आधारवरची तारीख बाजूला ठेवून शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची धरली. आधारला तारीख सांगितली तशी लागते, शाळेतून गेलेली असेल तर शाळेचीच चूक तिथे पुन्हा उमटते. दोन कागद जुळले म्हणून हरखून जाऊ नका, दुसरा पहिल्यावरूनच उतरवलेला असतो.

टेबलावर बसाल तेव्हा कागद किती नवा आणि कोरा आहे ते पाहू नका, नोंद किती जुनी आहे ते पहा. जन्मदाखल्यावर तीन तारखा असतात: जन्माची, नोंदणीची आणि दाखला दिल्याची. लोक पहिली आणि शेवटची वाचतात. तुम्ही मधली वाचा. १९६९ च्या कायद्याप्रमाणे नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. नोंदणी जन्मानंतर आठ-पंधरा दिवसांची असेल तर दाखला काल काढलेला असला तरी सोन्यासारखा. आणि जन्म २०१२ चा, नोंदणी २०२५ ची असेल, तर ती वर्ष उलटून गेल्यावर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने झालेली नोंद आहे. ती खोटीच असते असं मुळीच नाही, तुमच्या पोरीलाही उद्या त्याच वाटेने जावं लागेल. पण मग सोबत पहिल्या शाळेचा निर्गम उतारा (तिथल्या रजिस्टरमधल्या नोंदीची नक्कल) मागा, आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

बोनाफाईडवर भरवसा ठेवायचा तर दाखल-खारीज रजिस्टरच्या (पोरं शाळेत आल्या-गेल्याची नोंद असते त्या) त्या पानाची साक्षांकित प्रत मागवा. नुसती त्या पोरीची ओळ नको, अख्खं पान. त्या दिवशी दाखल झालेल्या वरच्या-खालच्या पोरांची नावं, अनुक्रमांक, शाई, अक्षर हे सगळं एकमेकांना धरून असतं. एकाच ओळीची शाई वेगळी दिसली, की विचारायचं. खाडाखोड असेल तर तिथे शिक्षणाधिकाऱ्यांच्या आदेशाचा क्रमांक आणि सही पाहिजे. मुख्याध्यापकाला आपल्या मर्जीने तारीख बदलता येत नाही.

आता तुमच्या पोरीचं. कायद्याने विचाराल तर शाळेचं रजिस्टर उभं राहतं. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात कलम ९४ मध्ये वय ठरवायचा क्रम दिलाय: आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. कोणी हरकत घेतली तर तुम्ही जिंकाल. पण हरकत घेणारा बाहेरचा नाहीये, तुम्ही स्वतः आहात. तुम्हाला शंका आली, तुम्ही आईला विचारलं, आईने खरं सांगितलं. आता तो फोन झालाच नाही असं धरून चालायचं का, एवढाच प्रश्न उरतो, आणि माझ्या मते त्याचं उत्तर नाही असंच आहे. फक्त अंदाजावर तिला काढूही नका. आधी शोधा.

क्ष-किरण, धुळे · ४ जानेवारी, दुपारी २.३०

मी रेडिओलॉजिस्ट आहे. तुमच्या मागच्या वर्षीच्या प्रसंगाबद्दल वाचलं आणि ओपीडीच्या मध्येच लिहायला बसले. त्या गृहस्थांनी विचारलेल्या प्रश्नाला वैद्यकीयदृष्ट्या काडीचाही अर्थ नाही. पाळी दहाव्या वर्षी येते, पंधराव्यालाही येते, दोन्ही निरोगी. त्यावरून चौदाच्या आतली की बाहेरची हे जगातला कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. तुमच्या नियमपत्रकात पहिलंच वाक्य हे लिहा की मुलीला तिच्या शरीराबद्दल कोणीही, कुठेही काही विचारणार नाही.

आता एक्स-रे. कोणीतरी टेबलावर म्हणणारच की हाडांची तपासणी करा. डाव्या हाताच्या मनगटाचा आणि पंजाचा एक्स-रे काढून, हाडांच्या टोकाच्या वाढ-चकत्या किती जुळल्यात ते पाहून हाडांचं वय काढतात. क्रिकेट मंडळ वयोगटांच्या स्पर्धांना टीडब्ल्यू-३ नावाची पद्धत वापरतं. फुटबॉलमध्ये फिफाने २००९ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकापासून मनगटाचा एमआरआय सुरू केला. पण त्यातून निघतं ते हाडांचं वय, जन्मतारीख नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच म्हटलंय की अशा तपासणीत दोन्ही बाजूंना दोन वर्षांची चूक धरावी.

मुलींच्या बाबतीत आणखी सांभाळायला हवं. मुलींची हाडं मुलांपेक्षा साधारण दोन वर्षं आधी पिकतात, आणि मुलींमुलींतही फरक मोठा. लवकर वाढलेल्या तेरा वर्षांच्या मुलीची हाडं पंधराची दिसू शकतात. म्हणजे तुमच्या मागच्या वर्षीच्या पिचरचा एक्स-रे काढला असता, तर खरा दाखला हातात असून ती खोटी ठरली असती. सतरा-अठराची मुलगी चौदाच्या गटात घुसवली असेल तर एक्स-रे पकडेल. दातही थोडंफार सांगतात: दुसरी मोठी दाढ बाराच्या सुमारास येते, अक्कलदाढ सतरानंतर. पण डिसेंबर २०११ की जानेवारी २०१२ हे हाड सांगणार नाही, कधीच नाही. तुमच्या या मुलीला आमच्याकडे पाठवू नका, उत्तर मिळणार नाही.

कुठल्या संघाबाबत फारच संशय असेल तर पालकांच्या लेखी संमतीने, शासकीय रुग्णालयात, स्पर्धेच्या आधी. मैदानावरून गाडीत घालून कोणत्याही मुलीला एक्स-रेला नेऊ नका.

पंच, जळगाव · ४ जानेवारी, रात्री ८.५०

दादा, स्पर्धेला शुभेच्छा. वीस वर्षं पंचगिरी केलीय, थोडं अनुभवाचं सांगतो.

पहिलं म्हणजे तारीख पत्रकावर अक्षरात छापा: "जन्म १ जानेवारी २०१२ किंवा त्यानंतर." नुसतं "चौदा वर्षांखालील" लिहिलं की स्पर्धा जानेवारीत आहे म्हणून एक संघ स्पर्धेच्या दिवशी चौदा पुरे नसले की झालं असं धरतो, दुसरा ३१ डिसेंबर २०२६ धरून आपल्याच अर्ध्या पोरी घरी ठेवून येतो. यावरून दोन वेळा हमरीतुमरी पाहिलीय.

दुसरं, सगळ्यांचं लक्ष कागद खरा की खोटा यावर असतं. मला सापडलेल्या प्रकरणांत कागद अस्सल होता, पोरगी दुसरी होती. धाकट्या बहिणीचा दाखला आणि थोरली मैदानात. म्हणून ओळखपत्रावर फोटो आणि मुख्याध्यापकांचा शिक्का असा की अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर. २३ तारखेला संध्याकाळी टेबल लावा. प्रत्येक मुलगी संघासोबत येईल, फोटोशी चेहरा जुळवायचा, नाव विचारायचं, वर्गशिक्षकांचं नाव विचारायचं, बस. मग सगळ्या संघांच्या फायली एक तास खुल्या ठेवा, ज्या व्यवस्थापकाला बघायच्या त्याने बघाव्यात. हरकत असेल तर त्याच तासात, लेखी, सहीनिशी. त्यानंतर आलेली हरकत घ्या, पण सामना थांबवायचा नाही. निकाल निर्णयाच्या अधीन ठेवायचा. मैदानात पाय टाकून पोरीकडे बोट दाखवणाऱ्या व्यवस्थापकाला पंचाने तिथल्या तिथे बाहेर काढायचं. हे मी करतो, आणि एकदा केलं की तीन दिवस शांतता राहते.

अनेरकाठच्या भाऊंना एक सांगतो. वयाचा नियम फक्त कपासाठी नसतो. मोठ्या महिलांच्या खेळात पिचरची पट्टी होमपासून (बॅट घेऊन उभं राहायच्या जागेपासून) ४३ फुटांवर, म्हणजे १३.११ मीटरवर असते. पिचर पाऊल पुढे टाकून चेंडू सोडते. ताशी ८० किलोमीटरचा चेंडू अर्ध्या सेकंदात अंगावर येतो, आणि बॅटवरून परत निघालेला त्याहून जोरात. लहान गटात अंतर आणखी कमी ठेवतात. तिथे सोळा-सतराची पोरगी बॅट फिरवायला उभी केली, तर तिसऱ्या बेसवरची बारा वर्षांची पोर ग्लोव्ह वर नेईपर्यंत चेंडू तोंडावर. मी एक जबडा फुटलेला पाहिलाय.

हे फसवणुकीचं प्रकरण आपल्याकडचंच आहे असंही नाही. २००१ साली अमेरिकेत लिटल लीग बेसबॉलच्या जागतिक स्पर्धेत डॅनी अल्मोन्टे नावाच्या पोराने बारा वर्षांचा म्हणून परफेक्ट गेम टाकला, म्हणजे समोरच्या एकालाही बेसवर पोचू दिलं नाही. स्पर्धा झाल्यावर डोमिनिकन रिपब्लिकमधल्या मूळ नोंदी काढल्या तेव्हा तो चौदाचा निघाला. संघाचे सगळे विजय पुसले, बापाला आणि संघचालकाला लिटल लीगमधून कायमचं काढलं. पोराने कागद बनवला नव्हता. मोठ्यांनी केलं आणि नाव मात्र आजही त्या पोराचंच घेतात. तुमच्या पिचरच्या बाबतीत तेवढं ध्यानात ठेवा.

सेविका, शहादा · ५ जानेवारी, दुपारी १.२०

सर मी अंगणवाडीत आहे. ऊसतोडीच्या बायकांची बाळंतपणं पडावावर होतात, पण तिकडच्या आरोग्यवाल्या बाया पडावांवर लस द्यायला फिरतात. तिकडे आईला ममता कार्ड मिळतं. बायका ते फेकत नाहीत, रेशनकार्डासोबत ठेवतात. आजीला विचारा पेटीत बघायला. जन्मतारीख लिहिलेली नसली तरी बीसीजीची तारीख बघा. दंडावर जिचा वण राहतो ती लस. ती जन्मल्यावर लवकर देतात. आणि गावातल्या अंगणवाडीचं जुनं रजिस्टर पण बघा, परत आल्यावर ताईंनी नोंद घेतली असेल.

पांझराकाठ, साक्री तालुका · ८ जानेवारी, रात्री ११.१०

सगळ्यांचे मनापासून आभार. सेविकाताई, तुमचे सगळ्यांत जास्त.

काल शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेलो. आजी कापसाच्या वेचणीवरून नुकतीच आली होती, लुगड्याला कापसाची बोंडं चिकटलेली. पत्र्याची पेटी, त्यात कपाशीच्या बियाण्याची प्लास्टिकची पिशवी, तिच्यात रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, आणि चार घड्यांचं एक कार्ड. घडीवर इतकं फाटलेलं की मी ते उचललं नाही, पेटीच्या झाकणावरच उलगडलं. गुजराती अक्षरं. मला गुजराती धड वाचता येत नाही, पण आकडे बरेचसे आपल्यासारखेच. जन्मतारखेच्या रकान्यात पाणी उतरलंय, निळा डाग आहे, महिना दिसत नाही. त्याखाली लसींचा तक्ता. पहिल्या ओळीत बीसीजी, आणि समोर स्वच्छ: १९-१२-११.

लस जन्माआधी देता येत नाही. मी ती तारीख तीनदा वाचली. पोरगी माझ्या शेजारी उभी होती, तिने पण वाचली. तिला नियम पाठ आहे, मीच पाठ करून घेतलाय सगळ्यांकडून. ती काही बोलली नाही. आत गेली आणि ग्लोव्ह आणून माझ्यासमोर ठेवला. शाळेचा ग्लोव्ह आहे, परत देत होती.

मी तो परत तिच्या हातात दिला. म्हणालो, चौदाखालच्या गटात तुझं नाव नाही घालता येणार, पण तू संघात आहेस. सतरा वर्षांखाली १ जानेवारी २००९ किंवा त्यानंतरच्या पोरी चालतात, त्यात तू तीन वर्षं खेळू शकतेस. ती म्हणाली, "मग मले उसले जावं लागी का?" मला याचीच भीती होती.

रात्री तिच्या वडिलांशी अर्धा तास बोललो. आधी त्यांना वाटलं, पोरीवर खोटेपणाचा ठपका आलाय. "मनी पोर खोटी नही, सर," असं ते दोनदा म्हणाले, आणि आवाज चढलेला होता. मी सांगितलं की तारीख मास्तरांनी टाकली, तुम्ही नाही, तिने तर नाहीच. शांत झाले. टोळीचा मुकादम तिला बोलवायला सांगतोय, एक हात वाढेल म्हणून, हे त्यांनीच सांगितलं. मी म्हणालो, वार्षिक परीक्षेपर्यंत तिला आजीजवळ राहू द्या, सकाळ-संध्याकाळ ती मैदानावर माझ्यासमोर असेल. "बरं" म्हणाले. त्या एका शब्दावर सध्या चाललंय.

अनेरकाठ, शिरपूर · ९ जानेवारी, सकाळी ८.३०

सर, मी तुमच्या जागी असतो तर ते कार्ड पुन्हा घडी घालून ठेवलं असतं, हे खरं सांगतो. बारा-तेरा दिवसांसाठी पोरीचं वर्ष घालवलंत असं मला अजून वाटतं. बारा लाखांच्या गाड्या घेऊन फिरणारे अकॅडमीवाले दोन-दोन वर्षं खातात, त्यांना कोणी विचारत नाही. पण रात्रभर विचार केल्यावर एक कळलं की त्यांना उद्या तुम्हीच विचारू शकाल, मी नाही. आमच्या संघाच्या तीन पोरींच्या तारखा १ जून आहेत. त्यांच्या पहिल्या शाळेचे उतारे मागवले आहेत. २३ ला सोबत आणतो.

जुना मास्तर, अमळनेर · ९ जानेवारी, सकाळी ११.४५

गुरुजी, आता एक काम टाळू नका. पोर आठवीत आहे. नववीच्या आत रजिस्टरची तारीख दुरुस्त झाली पाहिजे. दहावीच्या फॉर्मवर १ जून गेली, की ती तारीख आयुष्यभर चिकटली, आणि शाळा सोडल्यावर बदलणं फार अवघड. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते, म्हणजे त्या पडावाच्या गावच्या ग्रामपंचायतीत. आईवडील तिकडेच आहेत तोवर वडिलांना तिथे पाठवा. आधी नोंद आहे का विचारायला सांगा. आरोग्यवाल्यांनी कदाचित केलेलीही असेल, आपल्याला माहीत नसतं. नसेल तर नोंद नसल्याचा दाखला घ्यायचा, तो, हे कार्ड आणि वडिलांचं प्रतिज्ञापत्र जोडून उशिराच्या नोंदीचा अर्ज. दाखला आला की शाळेमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे दुरुस्तीचा प्रस्ताव. कार्डाचा आजच रंगीत फोटो काढून ठेवा, आणि मूळ कार्डाला लॅमिनेशन करू नका, मागून साधा कागद लावून घ्या.

आणि आपण होऊन खरं वय सांगणाऱ्याला त्रास होऊ नये, हा विचार सरकारलाही सुचलाय. क्रीडा मंत्रालयाने मार्च २०२५ मध्ये वयचोरीविरुद्धच्या नव्या संहितेचा मसुदा काढला. त्यात पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांची बंदी, दुसऱ्याला कायमची बंदी आणि एफआयआर. पण स्वतःहून खरं वय सांगणाऱ्या खेळाडूला सहा महिन्यांची मुभा देऊन योग्य गटात घालायचं, शिक्षा नाही, असंही होतं. वडिलांना हे सांगा, त्यांच्या मनातला ठपका जाईल.

पांझराकाठ, साक्री तालुका · ११ जानेवारी, रात्री १०.०५

मास्तर, वडील उद्या सकाळी तिथल्या ग्रामपंचायतीत जाताहेत. मुकादमाने अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली, पैसे कापून. कार्डाचा फोटो त्यांच्या फोनवर पाठवलाय आणि माझ्या ओळखीच्या एका नवापूरच्या शिक्षकांना त्यांच्यासोबत जायची विनंती केलीय, त्यांना गुजराती येतं.

नियमपत्रक आज दहाही संघांना गेलं. पहिलं वाक्य डॉक्टरताईंचं आहे, जसंच्या तसं. दुसरं तारखेचं. पंचदादा, २३ ला संध्याकाळी पाचला टेबल, सहा ते सात फायली खुल्या. कमिटीत एकाने विचारलं, आपल्याच पिचरला काढलं हे इतर संघांना सांगायची काय गरज आहे? मी म्हणालो, नाव सांगायची गरज नाहीच. तिचं नाव कुठेही लिहिलेलं नाही, इथेही नाही.

मागच्या वर्षीच्या त्या मुलीच्या घरी पण जाऊन आलो. ते पत्रक तिच्या आईच्या हातात दिलं. ती आता नववीत आहे, सतराखालच्या गटात येते. मी मैदानावर ये म्हणालो नाही, एवढंच म्हणालो की नव्या पिचरला पकडायला चांगली कॅचर नाहीये माझ्याकडे, आणि तिच्याइतका त्या हाताचा चेंडू कोणाला वाचता येणार नाही. तिने पत्रक पूर्ण वाचलं. सराव किती वाजता असतो, असं विचारलं.

सकाळी सहाला, असं सांगून आलोय. उद्या साडेपाचलाच मैदानावर जाऊन ४३ फुटांवर फक्कीने नवी रेघ मारतो.